गुडघ्यातलं ग्रीस संपतं म्हणे! त्या फॉरवर्डचा जरा समाचार

महिन्याभरात हा मेसेज मला चार वेगवेगळ्या लोकांनी पाठवलाय, चौथ्यांदा आला तेव्हा म्हटलं आता लिहायलाच हवं. मेसेज लांबलचक आहे, दर दोन ओळींनी लाल उद्गारचिन्हं, पण सार एवढंच: सांधा म्हणजे दाराची बिजागरी, जितकी वापराल तितकी झिजणार. जन्माला येताना ठरावीक ग्रीस मिळतं आणि चाळिशीनंतर ते संपत जातं. मुंगीपासून हत्तीपर्यंत सगळ्यांच्या सांध्यात हेच ग्रीस असतं. बोटं मोडली की ते वाया जातं आणि संधिवात होतो. पळणं म्हणजे गुडघ्यांची वाट. जनावरं निसर्गाप्रमाणे राहतात म्हणून त्यांचे सांधे दुखत नाहीत, घोडा तर आयुष्यभर बसतसुद्धा नाही. आणि शेवटी, अर्थातच, कोलॅजनची पावडर.

सगळंच्या सगळं खोटं असतं तर सोपं होतं. एकेका वाक्यात थोडं खरं मिसळलंय म्हणून लोकांना पटतं. तर एकेक घेऊ.

"सांध्यातलं ग्रीस वयानुसार संपतं"

ग्रीस हा शब्दच आधी बाजूला ठेवा, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. दोन हाडं जिथं भेटतात तिथं भोवती एक पिशवी असते, पिशवीला आतून पातळ अस्तर असतं, ते अस्तर रक्तातलं पाणी गाळून घेतं आणि त्यात स्वतः बनवलेले एकदोन पदार्थ मिसळतं, त्यातला मुख्य म्हणजे हायल्युरॉनिक ॲसिड. हा झाला सायनोव्हियल द्रव. दिसायला अंड्यातल्या पांढऱ्यासारखा, तसाच बुळबुळीत आणि तार धरणारा, आणि सोळाव्या शतकात पॅरासेल्सस नावाच्या स्विस वैद्याने त्याला सायनोव्हिया हे नाव दिलं त्यातही अंडंच आहे असं मानतात. धडधाकट माणसाच्या अख्ख्या गुडघ्यात हा किती असतो माहितीये? अर्धा ते चार मिलिलिटर. चहाचा चमचा भरत नाही.

आता हे जर जन्मजात मिळालेलं रेशन असतं तर पहिलीत जायच्या आधीच संपलं असतं. सशांमध्ये आणि मेंढ्यांमध्ये मोजून बघितलंय, त्यांच्या सांध्यातलं निम्मं हायल्युरॉनिक ॲसिड एका दिवसाच्या आत बदललेलं असतं. जुनं वाहून जातं, नवं येतं, सतत चालूच. वय वाढलं किंवा सांधा बिघडला की ह्या द्रवाचा चिकटपणा कमी होतो हे खरं, पण प्रमाण? ते बऱ्याचदा वाढतं! "गुडघ्यात पाणी झालंय" असं आपण म्हणतो ना, ते हेच पाणी. सुजलेल्या गुडघ्यातून डॉक्टर सुईने काढतात तेव्हा पन्नास-साठ मिली निघणं काही नवलाचं नाही. म्हणजे मेसेजच्या हिशोबाने बघायचं तर त्या माणसाचं ग्रीस दहापट झालंय, त्याने उड्या मारायला हव्या होत्या.

जाता जाता, "गॅप आलाय" हा दुसरा लाडका शब्दप्रयोग. एक्स-रेमध्ये दोन हाडांच्या मध्ये जी काळी फट दिसते ती रिकामी नसते, तिथं कूर्चा (हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर) असते, ती एक्स-रेत दिसत नाही एवढंच. म्हणजे गॅप असणं ही चांगली गोष्ट आहे, डॉक्टर काळजीत पडतात ते गॅप कमी झाल्यावर. रिपोर्ट हातात घेऊन उलटंच सांगत फिरणारे कमीत कमी तीन जण मला माहितीयेत.

"सांधा म्हणजे बिजागरी, वापरला की झिजणार"

मेसेजचा कणा हाच, म्हणून इथं जरा थांबतो.

बिजागरीत लोखंडावर लोखंड घासतं. सांध्यात हाडावर हाड घासतच नाही, निदान सांधा ठीक असताना तरी नाही. हाडाच्या टोकावर कूर्चेचा थर असतो, गुडघ्यात साधारण २ ते ४ मिलिमीटर जाडीचा, पांढरा, गुळगुळीत, ओल्या काचेसारखा चकाकणारा. ह्या कूर्चेत वजनाने सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या आसपास नुसतं पाणी असतं. कोलॅजनच्या धाग्यांची एक जाळी, त्या जाळीत अडकवलेले मोठे मोठे रेणू जे पाण्याला सोडत नाहीत, आणि अगदी विरळ पेशी. तुम्ही पाय टेकवला की दाब येतो, पाणी बाहेर पडायला बघतं पण जाळी इतकी बारीक की ते चटकन पडू शकत नाही, त्यामुळे तुमचं बरंचसं वजन त्या कोंडलेल्या पाण्यावर तोललं जातं, आणि थोडं पाणी पृष्ठभागावर येतं तेच घसरायला मदत करतं. म्हणून घर्षण अविश्वसनीय कमी: घर्षणांक साधारण ०.००१ ते ०.०२. टेफ्लॉनचा ०.०४ च्या आसपास असतो, म्हणजे न चिकटणारा तवा सुद्धा गुडघ्यापुढे खरखरीत.

पण खरी गंमत पुढे आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. एकही नाही. मग तिच्यातल्या पेशी खातात काय? पाय टेकला की स्पंजासारखं पाणी बाहेर, उचलला की आत, आणि आत येताना द्रवातलं अन्न घेऊन आत. म्हणजे हालचाल हेच तिचं जेवण वाढणं. सांधा हलवलाच नाही तर कूर्चा उपाशी. सांधा बराच काळ बांधून ठेवला तर कूर्चा पातळ आणि मऊ होते हे प्राण्यांमध्येही दिसलंय आणि माणसांमध्येही. बिजागरी कपाटात ठेवली तर वर्षानुवर्षं तशीच राहते, सांधा ठेवून बघा.

मी बघितलंय, हौसेने नाही, नाइलाजाने. हात मोडला होता, कोपर काटकोनात ठेवून सहा आठवडे प्लास्टर. काढल्यावर मला वाटलं आता हात सरळ करायचा, सुटलो. हात सरळ होईचना. दुखत होता असं नाही, नुसता अडकत होता, जणू आत कोणी दोरी गाठ मारून ठेवलीये, आणि नंतर कळलं की जवळजवळ तसंच असतं, सांध्याभोवतीची पिशवी आणि आसपासचे तंतू त्या आखडलेल्या स्थितीतच जुळवून घेतात, आक्रसतात. तो हात पूर्ण सरळ व्हायला आणखी दोन महिने लागले. फिजिओथेरपिस्ट बाई रोज एकच वाक्य म्हणायच्या, "हलवा, तो विसरलाय." तर न वापरल्याने जपलं जातं हे मला तरी कोणी सांगू नये.

"मुंगीपासून हत्तीपर्यंत तेच ग्रीस"

मुंगीच्या सांध्यात सायनोव्हियल द्रव नसतो. मुंगी, झुरळ, खेकडा, कोळी ह्या सगळ्यांना संधिपाद म्हणतात, नावातच सांधा आहे, पण त्यांचा सांगाडा बाहेर. कडक नळ्या एकमेकींना जोडलेल्या आणि जोडावर तोच पदार्थ पातळ आणि मऊ, बाहीला कोपराशी चुण्या असाव्यात तसा. १९६० मध्ये टॉर्केल वाइस-फोग ह्यांनी टोळांच्या पंखाच्या मुळाशी रेसिलिन नावाचं रबरासारखं प्रथिन शोधलं, पिसूची उडी सुद्धा ह्याच पदार्थाच्या मदतीने होते.

कोळ्याचं तर आणखी अजब. मेलेला कोळी कोपऱ्यात सापडतो तेव्हा त्याचे आठही पाय पोटाशी आवळलेले असतात, कधी विचार केलाय का असं का? कोळ्याच्या पायाच्या मुख्य सांध्यांत पाय मिटायला स्नायू आहेत, उघडायला नाहीत. पाय उघडतो तो शरीरातला द्रव दाबाने पायात ढकलून, जेसीबीचा हात चालतो तसा. कोळी मेला की दाब गेला, उघडणारं कोणी उरलं नाही, मिटणारे तेवढे राहिले. हातपाय चालवायला हाडं हवीत, ग्रीस हवं, ही आपली समजूत आपल्यापुरती.

"बोटं मोडली की संधिवात होतो"

मराठीत बोटं मोडणं म्हणजे एखाद्याच्या नावाने शिव्याशाप देणं सुद्धा, त्यामुळे ही सवय आधीपासूनच बदनाम. पण आवाज कसला असतो? हाड तुटण्याचा नाही, ग्रीस फुटण्याचा नाही. सांधा ताणला की पिशवीतली जागा एकदम वाढते, आतला दाब कमी होतो, द्रवात विरघळलेला वायू बाहेर येऊन एक पोकळी तयार होते. म्हणून लगेच दुसऱ्यांदा मोडत नाही, वायू परत विरघळायला वीसेक मिनिटं लागतात. घड्याळ लावून बघा.

आवाज नेमका कधी येतो ह्यावरून शास्त्रज्ञांमध्ये सत्तर वर्षं वाद चाललाय. १९४७ मध्ये एक्स-रे काढून सांगितलं की पोकळी तयार होताना येतो. १९७१ मध्ये दुसरे म्हणाले नाही, बुडबुडा फुटताना. २०१५ मध्ये एमआरआय मशीनमध्ये बोट दोरीने खेचून चलचित्र काढलं तर आवाजानंतरही पोकळी तिथेच, म्हणजे फुटला नाही. २०१८ मध्ये गणित मांडून दाखवलं की बुडबुडा अर्धवट दबला तरी तेवढा आवाज होऊ शकतो. चालू द्या.

संधिवाताचं मात्र उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरला लहानपणी आईने आणि मावशी-आत्यांनी हेच बजावलं होतं, त्याने काय करावं? ५० वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं दिवसातून किमान दोनदा मोडली, उजवा हात तुलनेसाठी तसाच ठेवला. १९९८ मध्ये लिहून मोकळा झाला की दोन्हीपैकी एकाही हाताला संधिवात नाही, दोघांत फरकही नाही. २००९ मध्ये त्याला इग नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनाला देतात ते बक्षीस, मिळालं. आता एका माणसावरून नियम होत नाही, पण २०११ मध्ये २१५ लोकांच्या हातांचे एक्स-रे तपासले तेव्हाही बोटं मोडणारे आणि न मोडणारे ह्यांच्यात फरक सापडला नाही. प्रामाणिकपणे दुसरी बाजू पण सांगतो: १९९० मध्ये ३०० लोकांचा अभ्यास झाला, त्यात संधिवात जास्त नव्हता पण मोडणाऱ्यांच्या हाताला सूज आणि मुठीत जोर कमी असं आढळलं होतं, पुढच्या अभ्यासांत ते तसं परत दिसलं नाही. आणि आवाजाबरोबर दुखत असेल, सूज असेल, गुडघा मध्येच अडकत असेल तर ती वेगळी गोष्ट, तिथं लेख वाचत बसू नका, दाखवून या.

"पळण्याने गुडघे झिजतात"

२०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज केली गेली. गुडघ्याचा किंवा खुब्याचा झिजेचा संधिवात हौशी पळणाऱ्यांमध्ये ३.५ टक्के, न पळणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के, स्पर्धेत उतरणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के. म्हणजे अति करणाऱ्यांच्या बाबतीत मेसेज अगदीच वेडा नाही, पण बसून राहणारे हौशी पळणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट. ह्यात एक खोच आहे, ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते पळायला जातच नाहीत, त्यामुळे सगळं श्रेय पळण्याला देता येत नाही. तरी "पळाल तर झिजाल" हे ह्या आकड्यांत बसत नाही.

आणि मेसेज लिहिणारा एक गोष्ट साफ विसरलाय, की शरीर नुसत्या हाडांवर पळत नाही, दोऱ्यांवर पळतं. आपण मराठीत सगळ्यालाच शीर नाहीतर नस म्हणतो, "शीर आखडली", "नस चढली", पण त्यात तीन-चार वेगळ्या वस्तू एकत्र होतात. हाडाला हाड बांधतो तो अस्थिबंध. स्नायूला हाडाशी बांधते ती कंडरा. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही, आणि ती ओढ हाडापर्यंत पोचवणारी दोरी म्हणजे कंडरा. तुमच्या बोटांत, तळहाताच्या पुढे, हाड हलवणारा एकही स्नायू नाही, ते सगळे तळहातात आणि कोपराखालच्या हातात आहेत, बोटं कठपुतळीसारखी दोऱ्यांनी हलतात. पटत नसेल तर आत्ता करा: तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडून टेबलाला टेकवा, बाकी बोटं सरळ. आता अंगठा उचला, तर्जनी उचला, करंगळी उचला. उचलली. आता अनामिका उचला. कितीही जोर लावा, बोट टेबलाला फेविकॉल लावल्यासारखं. कारण मधल्या बोटाची आणि अनामिकेची दोरी हाताच्या पाठीवर एकमेकींना आडव्या पट्टीने बांधलेली आहे, एक अडकली की दुसरी अडकते.

आता हीच दोरी टाचेमागे बघा. चिमटीत धरता येते, अंगठ्याएवढी जाड. पळताना पाय जमिनीला टेकला की ही ताणली जाते आणि उचलताना रबरासारखी परत येते. १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या संशोधकांनी शस्त्रक्रियेत कापावे लागलेले पाय यंत्रात दाबून हिशोब मांडला: प्रत्येक पावलाला जी ऊर्जा आत-बाहेर होते त्यातली साधारण ३५ टक्के ह्या दोरीत साठते आणि १७ टक्के पावलाच्या कमानीत, तळव्याखालच्या अस्थिबंधांत. म्हणजे निम्म्याच्या आसपास काम फुकटात. कांगारू ह्यात उस्ताद. १९७३ मध्ये त्यांना ट्रेडमिलवर उड्या मारायला लावून ऑक्सिजन मोजला तर वेग वाढला तरी एका मर्यादेपर्यंत ऑक्सिजनचा खर्च वाढलाच नाही!

"जनावरांचे सांधे दुखत नाहीत, घोडा तर बसतच नाही"

घोडा बसतो. लोळतो, आडवा पडतो, आणि गाढ स्वप्नांची झोप घ्यायला त्याला आडवं व्हावंच लागतं. उभ्याने तो डुलकी घेतो ती त्याच्या मागच्या पायातल्या कुलपामुळे: गुडघ्याच्या वाटीला धरणारा एक अस्थिबंध मांडीच्या हाडाच्या कडेवर अडकवून ठेवला की पाय जवळजवळ फुकटात ताठ राहतो, स्नायू सैल सोडता येतात. हे निसर्गाप्रमाणे राहिल्याचं फळ वगैरे काही नाही, दोऱ्यांची रचना आहे. (घोड्याच्या पुढच्या पायाचा "गुडघा" हा खरं तर त्याचं मनगट आहे, आणि त्याला गळ्याखालचं आडवं हाड (कॉलरबोन) नसतंच, त्यामुळे त्याचं धड पुढच्या दोन पायांच्या मध्ये स्नायू आणि तंतूंच्या झोळीत टांगलेलं असतं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस घोड्यांची चित्रंच बघत होतो.)

आणि दुखत नाही हे कोणी सांगितलं? घोडे लंगडतात, कुत्री लंगडतात. चौखूर दौडताना घोड्याच्या पायातली मुख्य कंडरा आतून ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापते, आणि नेमकी त्याच गाभ्यात ती बऱ्याचदा फाटते. २००२ मध्ये बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे बघितले तर ९० मध्ये सांध्यांची झीज सापडली. मांजर बोलत नाही, ओट्यावर उडी मारणं बंद करतं, आपण म्हणतो म्हातारं झालं, शांत झालं.

"ही पावडर घ्या, कूर्चा परत वाढते"

इथं मेसेजला अर्ध्या वाक्याचं श्रेय देतो: कूर्चेचं नुकसान भरून येत नाही ही भीती खरी आहे. १७४३ मध्ये विल्यम हंटर ह्या शरीरशास्त्रज्ञाने लिहून ठेवलंय की कूर्चा एकदा नष्ट झाली की परत होत नाही. पण मग पावडर कशी वाढवणार?

कोलॅजन हे प्रथिन आहे, पोटात गेलं की त्याचे तुकडे होतात, आणि त्या तुकड्यांवर "गुडघा, उजवा" असा पत्ता लिहिलेला नसतो. काही छोट्या चाचण्यांत दुखणं थोडं कमी झाल्याचं दिसलंय, ते मी नाकारत नाही, पण दुखणं कमी होणं आणि कूर्चा उगवणं ह्यात फार अंतर आहे. सांधेदुखीसाठी विकतात त्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांची तर २००६ मध्ये १,५८३ लोकांवर मोठी चाचणी झाली, एकंदरीत बघता खोट्या गोळीपेक्षा फार वेगळं काही निघालं नाही.

आणि आता जे सांगतो ते मला ह्या सगळ्यात सर्वात भारी वाटतं. १९५५ ते १९६३ ह्या काळात उघड्यावर अणुचाचण्या झाल्या, हवेत कार्बन-१४ ह्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण एकदम वाढलं आणि मग हळूहळू उतरलं. त्या वर्षांत वाढणाऱ्या प्रत्येक माणसाच्या शरीरात ते शिरलं, म्हणजे आपोआप तारखेचा शिक्का बसला. २०१३ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी टाचेमागच्या कंडरेचा गाभा तपासला, त्यातला कार्बन त्या माणसाच्या वाढत्या वयाचाच निघाला, साधारण सतराव्या वर्षानंतर नवं काही जवळजवळ भरलंच गेलं नव्हतं. २०१६ मध्ये गुडघ्याच्या कूर्चेतलं कोलॅजन तपासलं, तिथंही तेच, धडधाकट गुडघा असो की बिघडलेला. पाणी धरून ठेवणारे रेणू बदलत राहतात, पण मूळ जाळी मोठेपणी नव्याने विणली जात नाही. म्हणजे आज वयाच्या साठीत तुम्ही टाचेमागची ती दोरी चिमटीत धरलीत, तर हाताला लागतोय तो गाभा तुम्ही कॉलेजात जायच्या सुमारास पुरा झालेला आहे, आणि डब्यातलं दोन चमचे कोलॅजन तिथं कुठल्या दाराने शिरणार हे त्या मेसेजमध्ये कुठंच लिहिलेलं नाही, मी दोनदा वाचला.